कोरडा की ओला

शमुवेलनं हैदराबादहून दोन खोकी आणली
आणि म्हणाला, आत्या, आता तू ठरव,
कोरडा पाहिजे की ओला.

आमच्या जालन्यात हे दोन शब्द
दुष्काळाला लावतात.
त्यात निवडायला कुणी सांगत नाही.

ओला म्हणजे, तो म्हणाला, नळीच्या सुरासोबत
त्या परक्या चर्चचा घुमारासुद्धा भरलेला.
बोट उचललं तरी पाच सेकंद
सूर दगडांवरून फिरून येणार.
कोरडा म्हणजे नुसती नळी,
तोंडाशी माईक धरून एकेक टिपलेली.
बाकीचं तुझ्या खोलीनं करायचं.

माझी खोली दहा बाय बारा.
वर पत्रे, खाली शहाबादी,
लोखंडी कपाट, दिवाण, सिलिंडर.
ती बिचारी काय करणार?

म्हणून आधी ओलाच लावला.
मे महिना, दुपारचे चार, कूलर चालू,
आणि कुठल्यातरी थंड देशातलं चर्च
शहाबादीवर उतरलं.
भिंती मागं सरकल्या. खरंच सरकल्या.
डोळे उघडले तर कॅलेंडर तिथंच होतं,
त्यावर दूधवाल्याचे खाडे.
कान एका गावात, मी दुसऱ्या.

मग सोळा फुटी नळीचा खर्ज.
त्याचा डबा दिवाणाखाली ठेवला होता, जागाच तेवढी.
पायानं पट्टी दाबली
तर आधी दाराची कडी बोलली, मग मांडणीवरची ताटं,
मग भिंतीपलीकडून डोईफोडे काकू :
"सिस्टर, बोअर बंद करायचं राह्यलं का वो?
भांडे हालायलेत आमचे."

पायपट्ट्या मुजीब मिस्त्रीनं केल्या,
चर्चच्या मोडक्या बाकांच्या सागवानातून.
तीस पट्ट्या. शेवटची ठोकून झाल्यावर
लांब उभा राहून बघत म्हणाला,
"आपा, ये बाजा है के सीढी?"

शमुवेल टेप घेऊन खोली मोजत राहिला.
कोपऱ्यात नको, आवाज फुगतो.
कपाटाजवळ नको, पत्रा झणझणतो.
शेवटी दोन्ही स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवले,
इंजेक्शनच्या वेळी पेशंट वळतो तसे.
आवाज भिंतीला लागून माझ्याकडे आला,
थोडा लाजून, पण आला.

चौतीस वर्षं मी मिशन दवाखान्यात
लोकांच्या छात्या ऐकल्या.
रात्री कानांवर हेडफोन लावला, कोरडा सुरू केला
आणि तेच केलं.
सूर यायच्या आधी एक इवलंसं फुस्स.
एक झडप उघडल्याची टिक.
खालच्या एका नळीत थोडी घरघर,
तिला मी बाहेर बसवून ठेवलं असतं,
डॉक्टर येईपर्यंत.
ओल्यात हे सगळं होतंच असणार,
पण त्या मोठ्या हॉलनं ते झाकून टाकलेलं.

आमच्या चर्चातली पायपेटी दमेकरी होती.
भात्याला चीर, त्यावर मी चिकटपट्टी लावायचे,
दर नाताळला नवी.
पाय थांबले की सूर मान टाकायचा.
मंडळी उभी राहिली की मी जोरात पाय मारायचे,
साडीचा काठ अडकायचा, तरी.

कोरडाच ठेव, मी शमुवेलला सांगितलं.
नक्की? तो म्हणाला. ओला भारी वाटतो गं.
भारी वाटतो, मी म्हणाले.

आता संध्याकाळी वाजवते.
ऊन उतरताना पत्रे टक् टक् करतात,
तेही त्यात येतं.
घुमारा अर्ध्या सेकंदाचा,
माझ्या खोलीला जेवढा जमतो तेवढा.

काल स्तोत्राच्या तिसऱ्या कडव्यात लाइट गेली.
सूर मधेच कापला गेला,
इन्व्हर्टरवर फक्त पंखा आहे.
अंधारात काकूंचा आवाज आला :
"कामून बंद केलं वो सिस्टर? चांगलं वाटायलं होतं."
मी नाही केलं, मी म्हणाले.

पाय मात्र हलतच होते,
डावा, उजवा, डावा,
सागवानाच्या पट्ट्यांवर,
कुठं भाता नसताना.